अठरा मीटरचा काळा पट्टा

जानेवारी २०२५ मध्ये, उसाचा गाळप हंगाम ऐन भरात असताना, साताऱ्याहून कोरेगावच्या बाजूला जाताना माझ्या धाकट्या भावाच्या मोटारीची एका मोटारसायकलीशी धडक झाली. मी भावाशेजारी, डाव्या सीटवर बसले होते. दिवेलागणीची वेळ होती. मोटारसायकलवरच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. आम्हा दोघांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. त्या संध्याकाळी मला ठामपणे वाटले होते की चूक त्या मुलाची आहे, आणि ते सिद्ध करण्यासाठी मी स्वतः पुरावा गोळा केला. त्या पुराव्याने पुढे मला काय दाखवले, ते नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

आमच्या पुढे दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर चालला होता. मागच्या ट्रेलरला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, आणि बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांमुळे, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्यामुळे, ट्रेलरची मागची कडाही दिसत नव्हती. तो एकदम समोर उभा ठाकल्यासारखा दिसला, तसे भावाने स्टिअरिंग उजवीकडे वळवले. त्याच क्षणी उजव्या हाताच्या पाणंदीतून मोटारसायकल रस्त्यावर आली. भावाने ब्रेक दाबला, टायर किंचाळले आणि गाडीचा उजवा हेडलाइट मोटारसायकलवर आदळला. ट्रॅक्टर पुढे निघून गेला. आपल्या मागे काय घडले हे त्याच्या चालकाला कळले तरी होते की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

पाच मिनिटांत तीस-चाळीस माणसे जमली आणि निकालही लागला. "गाडीवाल्याची चूक हाय, भरून द्या अन् विषय मिटवा," असे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, आणि त्यावर कोणी काही विचारले नाही. आपल्याकडे रस्त्यावर हा अलिखित कायदाच आहे: ट्रक आणि मोटार असेल तर ट्रकची चूक, मोटार आणि दुचाकी असेल तर मोटारीची, दुचाकी आणि पायी चालणारा असेल तर दुचाकीची. या न्यायामागे जखमी माणसाबद्दलची कणव आहे, आणि ती मी कमी लेखत नाही, कारण त्याच गर्दीतल्या दोघांनी मुलाचा पाय न हलवता त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ अशा मदत करणाऱ्यांना दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. हे अजून खेडोपाडी पुरेसे माहीत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगते. मात्र अपघाताचा दोष वाहनाच्या आकारावरून ठरवायचा, तर त्या दिव्याविना चाललेल्या ट्रेलरचे नाव त्या संध्याकाळी कोणाच्या तोंडी आले नाही, हे कसे?

गर्दीला रस्ता मोकळा करायची घाई होती. गाडी बाजूला घेण्याआधी मी मोबाइलवर अकरा छायाचित्रे काढली. माझी एक मैत्रीण जिल्हा न्यायालयात वकिली करते. तिने पूर्वी कधीतरी सांगितलेले एक वाक्य त्या गडबडीत आठवले, की गाडीच्या पत्र्याचे फोटो सगळेच काढतात, रस्त्याचे कोणी काढत नाही. म्हणून मी वाकून डांबराचे फोटो काढले, आणि प्रत्येक फोटोत शेजारचा विजेचा खांब येईल असे पाहिले, म्हणजे नंतर जागा ओळखता यावी. माझा हेतू मात्र एकच होता. मुलगा पाणंदीतून न थांबता मुख्य रस्त्यावर आला, हे मला दाखवायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आणि दोन पंच घटनास्थळ पंचनाम्यासाठी आले. पंचांपैकी एक तिठ्यावरचा चहावाला होता आणि दुसरे शेजारच्या शेताचे मालक. पंचनामा हा शब्द आपण इतका सैल वापरतो की त्यात नेमके काय असते, याचा विचार होत नाही. हवालदारांनी टेप उलगडून आधी रस्त्याची रुंदी घेतली, ती सात मीटर भरली. मग टायरच्या दोन काळ्या पट्ट्यांची लांबी घेतली. लांब पट्टा अठरा मीटरचा होता. भावाची गाडी जुनी, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली, म्हणून चाके जाम होऊन डांबरावर पट्टे इतके ठळक उमटले होते. नंतर त्यांनी पट्ट्यांचे मधल्या पांढऱ्या रेषेपासूनचे अंतर मोजले. डाव्या चाकाचा पट्टासुद्धा रेषेच्या उजवीकडे दोन फुटांवर होता. म्हणजे ब्रेक लागला तेव्हा आमची गाडी पूर्णपणे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला होती. हे सगळे कच्च्या नकाशात उतरवताना हवालदारांनी कोणतीही टिप्पणी केली नाही.

रात्रभरात त्या जागेवरून वाहने गेली होती, त्यामुळे काच चुरली होती आणि मातीची ढेकळे पसरून धूळ झाली होती. ती माझ्या फोटोंत मात्र शाबूत होती. धडकेच्या हादऱ्याने मडगार्डच्या आत साचलेला वाळका चिखल जागच्या जागी खाली पडतो, त्यामुळे धडक नेमकी कोठे झाली ते सांगायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही. वाहने त्यानंतर घसरत कोठेही जाऊन थांबतात, काचांचे तुकडेही पुढे उडतात, पण तो चिखल फार लांब जात नाही. माझ्या सातव्या फोटोत तो तपकिरी ठिपका स्पष्ट दिसतो, तळहाताएवढ्या दोन ढेकळांसकट. तो मोटारसायकलच्या हक्काच्या बाजूला, रस्त्याच्या कडेपासून जेमतेम सव्वा मीटरवर आहे.

ते पाहिल्यावर मी पहिल्यांदा त्या मुलाच्या जागी स्वतःला उभे करून पाहिले. पाणंदीतून बाहेर पडून त्याला डावीकडे, म्हणजे साताऱ्याच्या दिशेने वळायचे होते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवतो, त्यामुळे डावीकडे वळणाऱ्याला लगतच्या बाजूवर येणारे वाहन उजवीकडून येते. त्याने उजवीकडे पाहिले, रस्ता मोकळा दिसला आणि तो वळला. जबाबातही त्याने नेमके हेच सांगितले होते, आणि तो जबाब ऐकताना मला ती पळवाट वाटली होती. आमची गाडी त्याच्या डावीकडून, उसाच्या ट्रेलरच्या आडून, त्याच्याच बाजूवर आली होती. अर्थात, मुख्य रस्त्यावर येताना त्याने थांबायला हवे होते, आणि थांबून दोन्हीकडे पाहायला हवे होते. २०१७ च्या वाहनचालन नियमांतही मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना वाट देण्याचे बंधन बाजूच्या रस्त्याने येणाऱ्यावर आहे. पण त्याच नियमांत हेही आहे की समोरचा रस्ता स्पष्ट दिसत नसेल किंवा समोरून येणाऱ्याला धोका होणार असेल, तर ओव्हरटेक करू नये.

वेगाबद्दल भावाने जबाबात ताशी पन्नास किलोमीटर सांगितले होते. तो खोटे बोलत नव्हता, त्याला तसे खरोखरच वाटत होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायरच्या पकडीचे माप, साधारण ०.७ धरतात. तो धरून चाके जाम झालेली गाडी अठरा मीटर घसरत गेली असेल, तर घसरण सुरू होताना तिचा वेग किमान ताशी सत्तावन्न किलोमीटर येतो. किमान, कारण हा हिशेब गाडी त्या अठरा मीटरनंतर आपोआप थांबली असे मानून केलेला आहे, आणि आमची गाडी थांबली नव्हती, आदळली होती. त्या वेळी अंगात उरलेला वेग यात आलेलाच नाही. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातोच, आणि ताशी साठच्या वेगाने एका सेकंदात गाडी जवळजवळ सतरा मीटर पुढे गेलेली असते. हा हिशेब मी वहीवर तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर तेच आले.

पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणे) आणि १२५ (दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचवणे) खाली भावावर गुन्हा नोंदवला. घरात पुष्कळ संताप झाला. त्या मुलाकडे पक्का परवाना नव्हता, केवळ शिकाऊ परवाना होता आणि सोबत परवानाधारक कोणी नव्हते. डोक्यावर हेल्मेटही नव्हते. मग नियम मोडणारा तो, आणि गुन्हा आमच्यावर कसा, असा आमच्या भाऊजींचा प्रश्न होता, आणि तो अनेकांच्या मनात असतो. त्यावर मैत्रिणीने दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते. नियम मोडला हा एक प्रश्न आणि त्या मोडण्यामुळे अपघात झाला का, हा दुसरा. परवाना नसल्याबद्दल दंड स्वतंत्रपणे होतो, न्यायालये ती गोष्ट विचारातही घेतात, परंतु केवळ परवाना नाही एवढ्यावरून अपघातातला दोष माथी मारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले आहे. २०२० च्या एका निकालात मोटारसायकलवर तिघे बसले होते. तेथेही न्यायालयाने विचारले की तिसरा बसल्यामुळे धडक झाली का, किंवा इजा वाढली का, आणि तसा संबंध दाखवलेला नसल्याने मृताच्या वाट्याला लावलेला दोष काढून टाकला. आमच्या मुलाचा पाय मोडला होता. डोक्यावर हेल्मेट असते तरी पाय मोडायचा तो मोडलाच असता.

दुसरी गोष्ट मला नव्याने कळली ती अशी की गुन्ह्याचा खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. फौजदारी न्यायालयात दोष निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात शक्यतेचे पारडे कोणाकडे झुकते एवढे पाहिले जाते, आणि तेथे काटेकोर पुराव्याचा आग्रह धरू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ पासून वारंवार बजावले आहे. त्यामुळे फौजदारी खटल्यात सुटका झाली म्हणून दावा आपोआप पडत नाही. दोष सिद्ध न करताही भरपाई मिळण्याची सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये आहे, मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये. पण ती रक्कम स्वीकारली की त्याच कायद्याच्या कलम १६६ खालचा, म्हणजे दोष दाखवून नुकसान मागण्याचा, दावा संपतो, आणि ज्याला वर्षभर काम करता येणार नाही त्याचे नुकसान अडीच लाखांत बसेलच असे नाही. म्हणून दोष कोणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही.

साक्षीदार नसेल तर काय, हेही मी तिला विचारले. तिने नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेल्या एका मोटारीचे प्रकरण सांगितले, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. गाडी रस्त्याच्या उजव्या टोकाला जाऊन झाडावर आदळली होती आणि आघात इतका जोराचा होता की इंजिन जागेवरून फूटभर मागे सरकले होते. कसे घडले ते सांगायला प्रत्यक्षदर्शी नव्हता. न्यायालयाने म्हटले की अशा ठिकाणी घटनाच बोलते. नीट चालवलेली गाडी रस्ता सोडून उजवीकडच्या झाडावर जात नाही, तेव्हा निष्काळजीपणा नव्हता हे दाखवण्याचे ओझे दुसऱ्या बाजूवर आहे. सरकलेले इंजिन, उखडलेले झाड, आमच्याकडचे वाळक्या चिखलाचे दोन गोळे, हे सगळे एकाच जातीचे साक्षीदार आहेत.

सर्वांत जास्त विचार मी केला तो दोषाच्या वाटणीचा. आपल्या बोलण्यात चूक नेहमी एकाचीच असते. "मागून ठोकणारा चुकला" हा असाच एक पक्का समज, आणि तो बऱ्याचदा बरोबरही असतो: २०१८ च्या एका निकालात ट्रकच्या मागे जेमतेम दहा-पंधरा फुटांवरून जाणाऱ्या मोटारीने सुरक्षित अंतर राखले नव्हते, म्हणून दोष मोटारचालकाकडे गेला. मात्र जुलै २०२५ चा निकाल वाचला, तर हा समज किती अपुरा आहे ते दिसते. कोइमतूरचा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी २०१७ मध्ये मोटारसायकलने महामार्गावर जात होता. पुढच्या मोटारीच्या चालकाने, गर्भवती पत्नीला मळमळू लागले म्हणून, कोणताही इशारा न देता एकदम ब्रेक लावला. विद्यार्थी मागून आदळून पडला आणि मागून येणारी बस त्याच्या पायावरून गेली. पाय काढावा लागला. दावा न्यायाधिकरणाने पुढच्या मोटारचालकाला पूर्ण सोडून दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याच्यावर पन्नास टक्के, बसचालकावर तीस टक्के आणि अंतर न राखल्याबद्दल स्वतः विद्यार्थ्यावर वीस टक्के दोष ठेवला. मळमळणाऱ्या पत्नीसाठी थांबणाऱ्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, हे उघड आहे. न्यायालयाने हेतूपलीकडे जाऊन, महामार्गावर इशाऱ्याविना थांबल्याने मागच्यावर काय ओढवते ते पाहिले. मला हा निकाल फार योग्य वाटतो.

जखमीचा स्वतःचाच काही वाटा असेल, तर तो अंशदायी निष्काळजीपणा, आणि तेवढ्या टक्क्यांनी त्याची भरपाई कमी होते. जखमी पूर्णपणे निर्दोष असेल आणि दोष दोन वाहनांत वाटलेला असेल, तर तो संयुक्त निष्काळजीपणा, आणि तेथे जखमीला कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. त्या संध्याकाळी मला मोठी इजा झाली असती, तर मी दुसऱ्या प्रकारात बसले असते. गाडी चालवणारा माझा भाऊ असला तरी त्याचा दोष प्रवासी म्हणून माझ्या अंगावर आला नसता. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले, तेही महामार्गावर दिव्याविना सोडून दिलेल्या ट्रेलरवर मोटार आदळल्याच्या प्रकरणात. ते वाचताना मला आमचा उसाचा ट्रेलरच दिसत होता. दर हंगामात कारखान्यांवर रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, आणि त्या चांगल्याच आहेत. पण रिफ्लेक्टर वाढ्यांखाली झाकला गेला तर तो असून नसल्यासारखा, आणि वाढे बांधून घेण्याचे काम फडातून निघतानाच व्हायला हवे.

विमा कंपनीने नेमलेला तपासनीस घरी आला, तेव्हा त्याने भावाला सुचवले की "मुलगा न थांबता अचानक आला" एवढेच सांगा, ओव्हरटेकचे बोलू नका. विम्याच्या करारात एक अट असते, की कंपनीच्या संमतीशिवाय विमेदाराने दोष कबूल करू नये, आणि तिचा धाक भावाला होता. मैत्रिणीने त्यातला फरक समजावून दिला. "चूक माझी आहे, भरपाई मी देतो" असे लिहून देणे म्हणजे दोषाची कबुली. "मी ट्रेलर ओलांडताना रस्त्याच्या उजव्या बाजूला होतो" हे सांगणे म्हणजे घडलेली गोष्ट सांगणे. दोष किती आणि कोणाचा, हे ठरवण्याचे काम न्यायाधिकरणाचे आहे. घडलेले लपवण्याची सूट करारातली कोणतीही अट देत नाही. रस्त्याच्या कडेला भांबावलेल्या अवस्थेत माणसे कागदावर जे काही लिहून देतात, ते याच फरकाच्या अज्ञानातून देतात.

भाऊ दोन दिवस काही बोलला नाही. त्याचा स्वभाव मला ठाऊक असल्याने मीही काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने माझा मोबाइल मागून घेतला आणि अकराही फोटो एकेक करून मोठे करून पाहिले. सातव्यावर तो बराच वेळ थांबला. "ताई, हे सगळेच्या सगळे त्यांना देऊन टाक," असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन फोटो तपास अधिकाऱ्यांना दिले. भावाने पुरवणी जबाबात आपण कोणत्या बाजूला होतो ते सांगितले, ट्रेलर कसा दिसला तेही सांगितले, आणि तिठ्यापुढच्या पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यात ट्रॅक्टरचा क्रमांक सापडतो का ते पाहावे, अशी विनंती केली. चित्रणात ट्रॅक्टर जाताना दिसतो. मागच्या ट्रेलरची नंबर प्लेट मात्र वाढ्यांच्या आड आहे.

मुलाचा भरपाईचा दावा अजून चालू आहे. मुलाच्या पायात रॉड घातला आहे आणि तो आता काठीविना चालतो. गेल्या महिन्यात न्यायालयाच्या व्हरांड्यात त्याची आई भेटली. तुमच्याच फोटोंमुळे माझ्या पोराचे म्हणणे खरे धरले जाईल असे वकील म्हणतात, असे ती मला म्हणाली. मी ते फोटो कशासाठी काढले होते, ते मी तिला सांगितले.